जंगलातल्या स्काऊट शिबिराला पहिल्यांदा जाताना

पहिल्यांदा शिबिराला निघालेल्या मुलाला आधी एक गोष्ट नीट कळायला हवी: तिथलं घर म्हणजे तुमचा संघ. सहा ते आठ जण, त्यांचा एक संघनायक, त्यांचे तंबू, त्यांची चूल, त्यांचा छोटा झेंडा. पथकात चाळीस मुलं असोत की चारशे, तुमचा दिवस या सहा-आठ जणांबरोबर जातो. पाणी कोणी आणायचं, भांडी कोणी घासायची, कोणाचं पांघरूण भिजलं तर त्याला रात्री कुठे झोपवायचं, हे सगळं संघातच ठरतं.

ही पद्धत अगदी पहिल्या शिबिरापासूनची आहे. स्काऊट चळवळीचे संस्थापक रॉबर्ट बेडन-पॉवेल यांनी ऑगस्ट १९०७ मध्ये इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यालगतच्या ब्राउनसी बेटावर सुमारे वीस मुलांना एकत्र आणलं. त्यात सुखवस्तू घरांतली मुलं होती आणि कामगार घरांतलीही. त्यांना मिसळून चार संघ केले, प्रत्येक संघाला प्राण्याचं किंवा पक्ष्याचं नाव दिलं आणि मुलांच्या खांद्यावर संघाच्या रंगाची फीत लावली. आजच्या शिबिराची जागा, तिथल्या सोयी आणि प्रथा याच मांडणीवर उभ्या आहेत. छोट्या संघाला आपलं आपण राहता यावं, म्हणून सगळं आहे. हे ध्यानात ठेवलं की पुढचे नियम जाचक वाटत नाहीत.

निघण्याआधी: सॅक

सॅक मुलानेच भरायची. पालकांनी यादी वाचून दाखवावी, शेजारी बसावं, पण हात लावू नये. रात्री नऊ वाजता पाऊस आला की आईने छान घडी घालून ठेवलेला रेनकोट मुलाला सापडत नाही. स्वतः ठेवला असेल, तर अंधारातही हात बरोबर त्या कप्प्यात जातो.

सॅकचं वजन मुलाच्या वजनाच्या पाचव्या भागाच्या आसपास असावं. ४० किलोच्या मुलाला ८ किलो. चौथ्या भागाच्या वर तर जाऊच देऊ नका. तळाशी स्लीपिंग बॅग, तिच्यावर पाठीला लागून जड वस्तू, बाहेरच्या बाजूला हलके कपडे, अगदी वर रेनकोट आणि टॉर्च. जड वस्तू बाहेरच्या कप्प्यांत गेल्या की सॅक मागे ओढते आणि मूल पुढे वाकून चालतं. आतून एक मोठी जाड प्लॅस्टिकची पिशवी अस्तरासारखी घाला आणि मग सामान भरा. वरून चढवायचं कव्हर पाठीकडून येणारं पाणी अडवत नाही.

कपडे दिवसागणिक वेगळ्या पिशव्यांत बांधा: एक बनियन, एक शर्ट, एक जोड मोजे, झाली एका दिवसाची पिशवी. मोजे मोजून घेतल्यावर आणखी दोन जोड टाका. झोपायचे कपडे मात्र निराळे, आणि ते फक्त झोपायलाच वापरायचे. दिवसभराच्या कपड्यांत मुरलेला घाम रात्री गार पडतो. पुरेसं पांघरूण असूनही मूल पहाटे कुडकुडत उठतं, त्याचं कारण बहुतेक वेळा हेच असतं. दुसरं कारण कॅरीमॅट, म्हणजे अंगाखाली अंथरायची फोमची चटई, नसणं. जमीन अंगातली ऊब ओढून घेते आणि अंगाखाली दबलेल्या स्लीपिंग बॅगेत हवा उरत नाही, त्यामुळे ती खालून काहीच राखत नाही.

बूट किमान दोन आठवडे वापरून मऊ झालेले हवेत. शिबिरासाठी म्हणून नवे कोरे बूट घेणं ही पहिल्यांदा जाणाऱ्यांची सर्वांत महागात पडणारी चूक. पहिल्याच दिवशी टाचेला फोड येतो आणि उरलेले दिवस मूल कडेला बसून राहतं. प्रत्येक वस्तूवर नाव लिहा, चमच्यावरसुद्धा. औषधं मूळ पाकिटातच, डोस आणि वेळ लिहिलेल्या कागदासह, पोहोचताच प्रथमोपचार पाहणाऱ्या मोठ्यांच्या हाती द्यायची. दम्याचा पंप याला अपवाद. तो मुलाच्या खिशातच हवा आणि मोठ्यांना तसं सांगून ठेवलेलं हवं.

खाऊ तंबूत नेऊ नका. एक बिस्किटाचा पुडा रात्रीतून मुंग्यांची रांग आणि तंबूच्या कापडाला उंदराने पाडलेलं भोक, दोन्ही देऊन जातो. वास येणारी टूथपेस्टसुद्धा जिथे जंगली जनावरांचा वावर आहे तिथे सामायिक कोठीतच ठेवतात.

पोहोचल्यावर पहिला अर्धा तास: जागा पायाखाली घाला

सॅक उतरवली की लगेच तंबू उभारू नका. संघनायकाबरोबर संपूर्ण जागेची एक फेरी मारा आणि प्रत्येक ठिकाण कशासाठी आहे ते विचारून घ्या. मधे ध्वजस्तंभ आणि सगळे जमतात ते मैदान. त्याच्या आसपास कार्यालय, सूचनाफलक आणि प्रथमोपचाराची खोली. दोऱ्या, कुऱ्हाडी, ताडपत्र्या देणारी कोठी. तिथून घेतलेली प्रत्येक वस्तू वहीत लिहून घ्यायची आणि लिहूनच परत करायची. पिण्याच्या पाण्याचा नळ किंवा टाकी. शौचालयं, आणि त्यांच्यापासून दूर अंघोळीची जागा. झाडीच्या आडोशाला शेकोटीचं वर्तुळ. दोर लावून वेगळा केलेला कुऱ्हाडीचा अड्डा. तळं किंवा नदी असेल, तर तिथला घाट.

यातल्या तीन वाटा दिवसाउजेडी चालून पाहा आणि संध्याकाळी टॉर्च घेऊन पुन्हा चाला: तंबूपासून शौचालय, तंबूपासून मोठ्यांचे तंबू, आणि तंबूपासून संकटात जमायची जागा. रात्री लघवीला उठायची भीती वाटते ती वाट माहीत नसल्यामुळे. मग मूल पाणी प्यायचंच टाळतं, आणि दुसऱ्या दिवशी उन्हात डोकं धरून बसतं. कितीही उशीर झाला तरी संघातल्या कोणाला तरी उठवून जोडीने जायचं. उठवल्याबद्दल कोणी कुरकुर करायची नाही, हे पहिल्याच रात्री ठरवून टाका.

मोठ्यांचे तंबू मुलांच्या तंबूंपासून वेगळे असतात आणि कोणताही मोठा माणूस एकट्या मुलाबरोबर सगळ्यांच्या नजरेआड थांबत नाही. हा नियम पालकांनी आधीच विचारून घ्यावा. चांगल्या शिबिरात उत्तर लगेच आणि स्पष्ट मिळतं.

तंबू

जागा निवडताना आधी वर पाहा. वाळकी किंवा मोडून लटकलेली फांदी वारा नसतानाही पडते, त्यामुळे तिच्याखाली तंबू नको. एकट्या उंच झाडाखालीही नको, कारण वीज तिथे पडण्याची शक्यता जास्त. मग खाली पाहा. खोलगट जागा सावलीची आणि मऊ असते म्हणून मोह होतो, पण पावसाचं पाणी तिथेच साचतं. किंचित उतार चालतो, डोकं चढाकडे करून झोपायचं. कोरडा ओढा कितीही सपाट दिसला तरी त्यात तंबू ठोकायचा नाही.

१. दगड, काटक्या, मुंग्यांची वारुळं पाहून जागा हाताने चाचपा. हाताला टोचतं ते रात्री पाठीला दुप्पट टोचतं.

२. खालचं प्लॅस्टिक अंथरा आणि त्याच्या कडा तंबूच्या बुडाच्या आत दुमडा. प्लॅस्टिक बाहेर डोकावलं की तंबूवरून ओघळणारं पाणी ते झेलतं आणि थेट तुमच्या पाठीखाली आणून सोडतं. आत पाणी आलं की बहुतेक जण तंबूला दोष देतात, पण तंबू चांगलाच असतो.

३. वारा येतो त्याच्या उलट बाजूला दार ठेवा. खुंट्या ठोकण्याआधी दाराची चेन पूर्ण लावा. चेन उघडी ठेवून कोपरे ताणले, तर ती नंतर लागत नाही आणि जोर केला की तुटते.

४. समोरासमोरचे कोपरे आधी, मग उरलेले. खुंटी जमिनीत तिरकी, डोकं तंबूपासून बाहेरच्या बाजूला झुकलेलं, साधारण ४५ अंशांत. सरळ ठोकलेली खुंटी पहिल्याच वाऱ्यात निघते.

५. ताणदोर तंबूच्या शिवणीच्या रेषेत ओढा. सुती दोर भिजला की आखडतो, म्हणून पावसाच्या आधी थोडा सैल करायचा, नाहीतर खुंटी उपसते किंवा कापड फाटतं. नायलॉनचा दोर उलट वागतो. भिजला की सैलावतो आणि पुन्हा ताणावा लागतो.

दोन तंबूंच्या दोऱ्या एकमेकींत अडकू नयेत इतकं अंतर हवं, आणि चूल तंबूंपासून किमान १० मीटर, शक्यतो वारा तंबूंकडून चुलीकडे जाईल अशी. तंबूत मेणबत्ती, स्टोव्ह, अगरबत्ती, काहीही पेटवायचं नाही. सुती कापडाच्या तंबूला पाऊस चालू असताना आतून बोट लावू नका. जिथे बोट लागतं तिथून पाणी झिरपायला लागतं.

संघाचं स्वयंपाकघर आणि बांधकाम

तंबू उभे राहिले की संघ आपली चूल आणि आसपासची मांडणी करतो. काठ्या आणि सुतळी वापरून ताटं निथळायचा घोडा, बुटांची फळी, हात धुण्याचा तिवई-स्टँड, दारातली कमान असं बरंच उभं करायची जुनी प्रथा आहे. स्काऊट याला गॅजेट म्हणतात. नवख्याने तिवईपासून सुरुवात करावी. ती एका तासात होते, लगेच उपयोगी पडते आणि तिच्यात दोन महत्त्वाच्या बांधण्या शिकून होतात.

मनगटाहून थोड्या बारीक, सव्वा मीटर लांबीच्या तीन काठ्या घ्या आणि जमिनीवर शेजारी शेजारी ठेवा. बुडं एका रेषेत. बुडापासून साधारण ७५ सेंटीमीटरवर, एका कडेच्या काठीला क्लोव्ह हिच, म्हणजे काठीला दोर पकडून ठेवणारी गाठ, मारा. आता सुतळी पहिल्या काठीवरून, दुसरीखालून, तिसरीवरून, आणि परत येताना उलट, अशी विणत सहा-सात वेढे द्या. मग प्रत्येक दोन काठ्यांच्या फटीतून दोन आडवे वेढे आवळा आणि दुसऱ्या कडेच्या काठीवर क्लोव्ह हिच मारून संपवा. काठ्या उभ्या करून पाय फाका. वर तीन टोकांची कळी उमलल्यासारखी होते आणि तिच्यात घमेलं बसतं.

इथे बहुतेकांचं एकच चुकतं. विणीचे वेढे सगळ्या ताकदीने आवळले जातात आणि मग पाय फाकतच नाहीत. जोर केला की काठी मोडते किंवा सुतळी तुटते. विणीचे वेढे नुसते नीट बसलेले हवेत. पाय फाकवले की पीळ पडतो आणि घट्टपणा आपोआप येतो.

पाय जमिनीवर सरकू नयेत म्हणून जमिनीपासून वीतभर उंचीवर तीन आडव्या काठ्या स्क्वेअर लॅशिंगने, म्हणजे आडव्या-उभ्या काठ्या जोडणाऱ्या बांधणीने, बांधायच्या. उभ्या काठीवर, आडवी जिथे येणार त्याच्या लगेच खाली, क्लोव्ह हिच. मग आडवीच्या पुढून, उभीच्या मागून, असे तीन-चार पूर्ण वेढे, प्रत्येक वेढा ओढून. शेवटी दोन काठ्यांच्या मधून दोन-तीन आवळते वेढे. खरी पकड या शेवटच्या वेढ्यांनी येते, आणि घाईत नेमके तेच राहतात. क्लोव्ह हिचने आडव्या काठीवर संपवा. सुतळी किती लागेल याचा सोपा हिशेब: दोन्ही काठ्यांची जाडी मिळून ५ सेंटीमीटर असेल, तर २ मीटर. बांधून झालं की हलवून पाहा. करकर आवाज आला तर सोडून पुन्हा बांधा. त्यावर पाण्याने भरलेलं घमेलं बसणार आहे.

गाठींचा गोंधळ टाळायला एवढं पुरे: रीफ नॉट पट्टी किंवा पुडकं बांधायला, वजन टांगायला कधीही नाही. जाड-बारीक दोर जोडायला शीट बेंड. न आवळणारा फास हवा असेल तर बोलाइन. लॅशिंगची सुरुवात आणि शेवट क्लोव्ह हिचने. जिवंत झाडाला बारीक दोर थेट बांधू नका, मधे गोणपाट किंवा रुंद पट्टा घाला. खिळा तर कुठेच नको.

कामं रोज फिरती असतात. स्वयंपाकी आणि त्याचा मदतनीस, सरपण व चूल, पाणी, भांडी, आवार. तक्ता करून चुलीजवळ टांगला की भांडणं अर्ध्याने कमी होतात. आठ जणांच्या संघाला पिण्यासाठी आणि स्वयंपाकासाठी मिळून दिवसाला ३५ ते ४० लिटर पाणी धरा. सकाळी दहा वाजता पाणी संपलेलं कळणं हे पाणीवाल्याचं अपयश. रात्रीच भांडी भरून झाकून ठेवायची. नळाचं पाणी पिण्याजोगं आहे असं शिबिरप्रमुखांनी सांगितलेलं नसेल तर उकळा. खळखळून उकळी फुटल्यावर एक मिनिट, आणि २००० मीटरपेक्षा उंचीवर तीन मिनिटं.

भांड्यांसाठी तीन टब ओळीने: साबणाचं गरम पाणी, साधं गरम पाणी, आणि जंतुनाशक घातलेलं गार पाणी. उष्टं आधी खरवडून काढायचं, नाहीतर तिसऱ्या ताटालाच पहिल्या टबाचं वरण होतं. पुसायचं फडकं नको, ताटं घोड्यावर निथळू द्या. एकाच ओल्या फडक्याने आठ ताटं पुसली की एकाचं पोट बिघडल्यावर आठांचं बिघडतं. ज्याला जुलाब किंवा उलट्या झाल्या असतील त्याने त्या थांबल्यावर ४८ तासांपर्यंत स्वयंपाकाला हात लावायचा नाही. हा नियम न पाळल्याने सबंध शिबिरं लवकर गुंडाळावी लागतात.

शौचालयांबद्दल थोडकंच. पक्की असतील तर तीच वापरा, लांब आहेत म्हणून झाडामागे जाऊ नका. लांबच्या भटकंतीत वेळ आलीच, तर पाण्यापासून आणि वाटेपासून ६० मीटर दूर, १५ ते २० सेंटीमीटर खोल खड्डा, आणि वर माती. हात धुण्याची सोय शौचालयाच्या दारातच हवी. ५ लिटरच्या कॅनला वरच्या बाजूला खिळ्याने भोक पाडून तो आडव्या काठीला टांगा, तोंडाला दोरी बांधून खाली पायाने दाबायची काठी लावा, शेजारी साबण टांगा. हात न लावता कॅन कलंडतो आणि घाणेरड्या हातांनी तोटी धरावी लागत नाही.

कुऱ्हाड आणि चाकू

कुऱ्हाड फक्त दोरीने आखलेल्या अड्ड्यातच चालते. आत एका वेळी तोडणारा आणि फार तर शिकवणारा. आत जाण्याआधी हात आणि कुऱ्हाड लांब करून सगळीकडे फिरवा, डोक्यावरही. काहीही लागलं, एखादी डहाळी जरी लागली, तरी आधी ती हटवा. फांदीला अडकलेली कुऱ्हाड थेट नडगीवर येते. लाकूड ठोकळ्यावर ठेवूनच तोडायचं. दांडा सैल वाटला की काम थांबवून कोठीत परत. चाकू दुसऱ्याला देताना मूठ त्याच्याकडे करायची, आणि त्याने घट्ट धरून "धन्यवाद" म्हटल्यावरच सोडायचा. तो शब्द म्हणजे "माझ्या हातात आला" ही खूण आहे.

सरपण म्हणून फक्त पडलेलं, वाळलेलं लाकूड. वाकवल्यावर कटकन मोडलं तर घ्या, वाकलं तर ते ओलं आहे.

दिवसाची घडी, शिट्ट्या आणि ध्वज

सकाळी उठणं, अंथरुणं उन्हात टाकणं, नाश्ता, तपासणी, ध्वज, मग कार्यक्रम. तपासणीत मोठी माणसं प्रत्येक संघाचा तळ पाहतात आणि गुण देतात, आणि जिंकणाऱ्या संघाच्या काठीला दिवसभर एक पताका लागते. नवख्यांना वाटतं की घड्यांची सरळ रेषा पाहिली जाते. खरं तर पाहिलं जातं ते कोरडं पांघरूण, झाकलेलं पाणी, ताणलेले दोर आणि मुलांच्या पायांचे फोड.

शिट्टीच्या खुणा पहिल्याच दिवशी पाठ करा. एक लांब शिट्टी: शांत व्हा, पुढच्या खुणेकडे लक्ष द्या. लांब, संथ शिट्ट्यांची मालिका: पांगा, लांब जा. आखूड, भरभर शिट्ट्या: धावत या, एकत्र जमा. आखूड-लांब, आखूड-लांब: सावध, धोका. तीन आखूड आणि एक लांब: फक्त संघनायकांनी यावं. काही शिबिरांत शिट्टीऐवजी शिंग वाजतं. बेडन-पॉवेल यांनी ब्राउनसीवर मुलांना जमवायला कुडू या आफ्रिकी हरणाचं पिळदार शिंग फुंकलं होतं, आणि लंडनजवळच्या गिलवेल पार्कमध्ये १९१९ साली स्काऊट नेत्यांचा पहिला प्रशिक्षण वर्ग भरला, तेव्हाही तेच शिंग वाजलं. हस्तांदोलन डाव्या हाताने, हे जगभर सारखं. समोरच्याने डावा हात पुढे केला तर गोंधळू नका.

ध्वज बांधायचं काम एखाद्या सकाळी तुमच्या संघाकडे येईल. स्काऊट ध्वज घडी करून वर नेतात आणि तिथे एका झटक्यात उलगडतात. ध्वज आधी लांबीत दोनदा दुमडा, म्हणजे पट्टी होते. मग मोकळ्या टोकाकडून दोराच्या बाजूला गुंडाळत या. खालच्या कोपऱ्याला लागलेल्या दोराचे गुंडाळीभोवती दोन वेढे द्या आणि त्याच दोराचा एक छोटा फास वेढ्यांखाली खोचा. फासच, टोक नाही. वर गेल्यावर खालचा दोर ओढला की फास सुटतो आणि ध्वज उलगडतो. टोक आरपार काढलं तर गाठ बसते आणि सगळं पथक मान वर करून उभं राहतं. फार आवळलं तरी सुटत नाही, फार सैल असलं तर अर्ध्या वाटेतच उघडतं. वरची बाजू वरच आहे ना, हे बांधण्याआधी दोघांनी पाहायचं आणि मैदानावर जाण्याआधी एकदा जमिनीवर ओढून पाहायचं.

पाणी आणि रान

घाटावर गेल्यावर आधी पोहण्याची परीक्षा होते आणि त्यानुसार उथळ, मधला किंवा खोल भाग मिळतो. उथळ भाग मिळाला म्हणून लाजू नका आणि येत नसताना येतं म्हणू नका. प्रत्येकाला जोडीदार असतो. नावाचा बिल्ला फळ्यावर लावून दोघांनी बरोबर उतरायचं आणि बरोबरच बाहेर यायचं. दर दहा मिनिटांच्या आसपास शिट्टी होते, तेव्हा जोडीदाराचा हात धरून वर करायचा. बाहेर आल्यावर बिल्ला काढायला विसरलात, तर पाण्यात तुम्हाला शोधायला सुरुवात होते, आणि ती खरी शोधमोहीम असते.

रानात खुणांवरून माग काढण्याचा खेळ हमखास असतो. बाण म्हणजे या वाटेने, फुली म्हणजे या वाटेने नाही, आणि वर्तुळात ठिपका म्हणजे मी घरी गेलो. केनियात न्येरी इथे बेडन-पॉवेल यांच्या समाधीच्या दगडावर हीच शेवटची खूण कोरलेली आहे. खेळ संपला की दगड-काटक्यांच्या खुणा मोडून टाका. राहिलेला बाण पुढच्या कोणाला तरी भलतीकडे नेतो.

वाट चुकली असं वाटलं, त्याच क्षणी थांबा. एखाद्या झाडापाशी बसा आणि तीन शिट्ट्या, थांबून पुन्हा तीन. शोधणारे शेवटच्या ज्ञात जागेपासून शोधत येतात. तुम्ही चालत राहिलात तर त्यांच्यापासून लांब जाता. वीज चमकून ३० सेकंदांच्या आत गडगडाट ऐकू आला तर पक्क्या इमारतीत किंवा बंद गाडीत जायचं आणि शेवटच्या गडगडाटानंतर ३० मिनिटं तिथेच थांबायचं. तंबू विजेपासून वाचवत नाही. संध्याकाळी काखा, गुडघ्यांची मागची बाजू, केसांची कड गोचिडांसाठी तपासा. सापडलाच तर चिमट्याने कातडीलगत धरून सरळ वर ओढा. तेल लावू नका, चटका देऊ नका. आणि सकाळी बूट झटकल्याशिवाय पाय घालायचा नाही.

शेकोटी

शेकोटी हा शिबिराचा गाभा आहे, आणि ती दुपारीच रचावी लागते. भोवतालचा ३ मीटर व्यासाचा भाग मातीपर्यंत साफ करा, पाण्याच्या दोन बादल्या आणि फावडं हाताशी ठेवा. मधे काडीएवढ्या वाळक्या काटक्यांचा छोटा शंकू, त्याभोवती अंगठ्याएवढ्या. या शंकूच्या बाहेर मनगटाएवढी लाकडं विहिरीच्या कठड्यासारखी चौकोनात, एकावर एक आडवी-उभी, वर जाताना लहान होत. लाकडांमधून हवा खेळली पाहिजे. दाटीवाटीने रचलेली शेकोटी धूर देते, उजेड देत नाही. रचून झाली की वर ताडपत्री. बैठक वारा येतो त्या बाजूला ठेवा, म्हणजे धूर प्रेक्षकांच्या तोंडावर येणार नाही. रॉकेल ओतून पेटवायचं नाही.

कार्यक्रम ज्वाळेबरोबर चालतो. ज्वाळा उंच असताना गर्जना, टाळ्या आणि आरडाओरड्याची गाणी. मग संघांची छोटी नाटुकली, प्रत्येकी तीन ते पाच मिनिटं. आग उतरत जाते तशी गाणीही संथ होतात आणि शेवट निखाऱ्यांच्या उजेडात, जवळजवळ कुजबुजत होतो. सादर करणाऱ्यांच्या डोळ्यांवर टॉर्च मारू नका आणि शेकोटीत काही फेकू नका, कागदसुद्धा. नाटुकल्यात नवख्याची फजिती करून हशा घेणं काही ठिकाणी चालतं. ते थांबवायचं काम संघनायकाचं आहे, आणि त्याने ते थांबवलंच पाहिजे.

एक सुंदर प्रथा बऱ्याच देशांत आहे. आधीच्या शेकोटीची चिमूटभर राख नव्या शेकोटीत टाकायची. दुसऱ्या सकाळी राख पूर्ण गार झाली की थोडी चाळून डबीत भरतात आणि सोबतच्या कागदावर तारीख आणि ठिकाण लिहितात. शेकोटीला हजर असलेला प्रत्येक जण ती राख घरी नेऊ शकतो आणि आपल्या पुढच्या शेकोटीत टाकतो. कागदावरची यादी वाढत जाते. तुम्हाला डबी मिळाली तर यादीची नक्कल त्याच दिवशी करून घ्या, नंतर ती मिळत नाही. राख कोमट असताना भरू नका, आतल्या निखाऱ्याने प्लॅस्टिकची डबी वितळते.

विझवताना पाणी ओता, ढवळा, पुन्हा ओता. हाताची मागची बाजू राखेजवळ नेऊन पाहा. गार लागली की मगच तिला स्पर्श करा. थोडीही धग लागली तरी पुन्हा पाणी.

शेकोटीनंतरची शांतता हीच घरची आठवण येण्याची वेळ. रडू आलं तर संघनायकाला सांगा. दोन दिवसांत बहुतेकांचं ओसरतं, आणि हाताला काम असलं की आणखी लवकर. पालकांनी एक वाक्य निघताना अजिबात बोलू नये: "नाही आवडलं तर लगेच न्यायला येईन." मग मूल राहायचा प्रयत्न सोडून गाडीची वाट बघत बसतं. त्यापेक्षा एक पत्र सॅकमध्ये ठेवा, आणि त्यात घरी काय गंमत चालू आहे ते लिहू नका.

तळ उठवताना

शेवटच्या सकाळी आधी वैयक्तिक सामान, मग गॅजेट, मग स्वयंपाकघर, आणि तंबू सर्वांत शेवटी, ऊन लागून कापड सुकल्यावर. सुतळी कापून टाकू नका. सोडवा, गुंडाळा, कोठीत द्या. खुंट्या मोजून घ्या, गवतात राहिलेली खुंटी पुढच्या कोणाच्या तरी पायात घुसते. खड्डे भरा, चुलीचे दगड जिथून आणले तिथे ठेवा. मग सगळा संघ हाताच्या अंतरावर एका रांगेत उभा राहून तळाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सावकाश चालतो आणि कागदाचा कपटा, सुतळीचा तुकडा, सगळं वेचतो. बेडन-पॉवेल म्हणत की निघताना मागे दोनच गोष्टी राहाव्यात: काहीच नाही, आणि जागेच्या मालकाचे आभार. ते आभार कोण मानणार, हे रांग सुरू होण्याआधी ठरवून ठेवा.

बॅजची देवाणघेवाणही याच वेळी चालते. छोट्यांनी छोट्यांशी, मोठ्यांनी मोठ्यांशी. आवडता बॅज घाईत देऊ नका, एकदा दिलेला परत मागता येत नाही.

तंबू पावसात गुंडाळावा लागला असेल, तर घरी पोहोचल्यावर त्याच दिवशी दोरीवर पसरा. ओलं कापड पिशवीत दोन दिवस राहिलं तरी बुरशी धरतं आणि ते काळे डाग पुन्हा निघत नाहीत. स्लीपिंग बॅगही पिशवीबाहेर काढून मोकळी लटकवा.